चर्चेचे वीस गुण

माझ्या भाच्याला गेल्या सत्रात ‘सेमिनार’चे २० पैकी १८ गुण मिळाले. कशाचे, असं मी फोनवर विचारलं. त्याने दहा मिनिटं पीपीटी दाखवली, सरांनी ‘एनी डाउट्स?’ विचारलं, कोणी काही बोललं नाही, टाळ्या वाजल्या. वर्गातल्या बहुतेकांना १६ ते १८. तो खूश होता, मला मात्र वाईट वाटलं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात मी सेमिनारच शिकवते, म्हणजे सगळे घरून वाचून येतात आणि टेबलाभोवती बसून त्यावर चर्चा करतात, आणि त्यातलं काहीच त्याच्या वाट्याला आलेलं नव्हतं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एकाच मोठ्या परीक्षेऐवजी सातत्यपूर्ण मूल्यमापनावर भर दिला. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ पासून लागू झालं, आणि घरच्या फोनवर अंतर्गत गुणांचा जुना वाद पुन्हा ऐकू येऊ लागला. कोणी म्हणतं, हे गुण म्हणजे खिरापत. कोणी म्हणतं, तोंड पाहून मार्क. दोन्ही तक्रारी मला पटतात, आणि तरीही चर्चेला गुण असावेत असंच मी म्हणेन. फक्त ते कशासाठी, हे पहिल्याच दिवशी लेखी सांगितलेलं हवं.

मी अमेरिकेत विद्यार्थिनी म्हणून आले तेव्हा पहिले सहा आठवडे सेमिनारमध्ये तोंड उघडलं नाही. सगळं वाचून जायचे, समासात टिपणं असायची, पण इंग्रजी वाक्य मनात जुळवेपर्यंत चर्चा पुढे गेलेली असे. आम्हाला व्याख्यान ऐकायची सवय. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही चालते, याचा मला अभिमान आहे. पण त्या परंपरेत एक बोलतो आणि सभागृह ऐकतं. बोलायची तालीम मिळते ती वादविवाद स्पर्धेत, आणि तिथे समोरच्याला हरवायचं असतं. समोरच्याचं वाक्य उचलून पुढे न्यायचं, हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. सातव्या आठवड्यात प्राध्यापिकेने बोलावून सांगितलं, “तू वाचून येतेस हे तुझ्या टिपणांवरून मला कळतं. पण टेबलाभोवतीच्या बाकीच्यांना त्याचा काय उपयोग?” चर्चेची माझी श्रेणी तोवर ‘बी मायनस’ होती. मी रडले. पण उरलेले आठ आठवडे हातात होते, आणि नेमकं काय करायचं ते मला कळलं होतं.

आज माझ्या वर्गात पंधरा जण असतात. चर्चेला २० गुण, दर आठवड्याच्या एक पानी टिपणाला २०, एका आठवड्याची चर्चा चालवायला १५ आणि शेवटच्या निबंधाला ४५. वर्ग सुटला की तिथेच बसून मी प्रत्येकाच्या नावापुढे नोंद करते: मजकुरातल्या नेमक्या ओळीवर बोट ठेवलं का, दुसऱ्याच्या म्हणण्याला उत्तर दिलं का, सगळ्यांना थांबवणारा प्रश्न विचारला का. किती वेळा बोलला, हे मी मोजत नाही. तीन तास एकटाच बोलणारा मुलगा इतरांची जागा खातो, त्याचे गुण कमी होतात. ज्याला बोलणं जड जातं त्याला त्याच रात्री लिहून पाठवायची मुभा आहे. सातव्या आठवड्यात प्रत्येकाला आतापर्यंतचे गुण कारणांसह कळतात. शेवटच्या दिवशी कळलेल्या गुणांनी कोणाचं बोलणं सुधारत नाही.

घरी अभ्यास झाला नसेल तर हे सगळं कोसळतं. अमेरिकेत आठवड्याला वर्गातला साधारण एक तास म्हणजे एक क्रेडिट, आणि क्रेडिटच्या सरकारी व्याख्येतच वर्गातल्या दर तासामागे बाहेरचं किमान दोन तास काम धरलेलं आहे. म्हणजे तीन क्रेडिटच्या सेमिनारसाठी आठवड्याला सहा तास वाचन. न वाचता झालेल्या चर्चेला मी गप्पा म्हणते.

हे आपल्या मातीत चालणार नाही, असं मला सांगतात. पण सेमिनार अमेरिकेचाही नव्हता. तो जर्मन विद्यापीठांतून आला, आणि १८७६ साली सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने तो अमेरिकेत रुजवला. खिरापतीचं म्हणाल तर ती इथेही आहे: हार्वर्डमध्ये सर्वाधिक वेळा दिली जाणारी श्रेणी ‘ए’ आहे, हे २०१३ साली तिथल्या डीननीच सांगितलं होतं.

आपली खरी अडचण संख्येची आहे. ऐंशी जणांच्या वर्गात कोण काय बोललं हे कुठलाही प्रामाणिक शिक्षक सांगू शकणार नाही, आणि तरीही त्याला ऐंशी रकाने भरावे लागतात. मग सगळ्यांना १७ देणं हाच त्यातल्या त्यात कमी अन्याय ठरतो. त्या शिक्षकाला मी दोष देणार नाही. वर्गाची तुकडी लहान करता येत नसेल, तर त्या गुणांना चर्चेचे गुण म्हणू नये.

माझी एक मैत्रीण महाराष्ट्रात बी.ए.ला शिकवते, वर्गात बहात्तर मुलं. तिने सहा गट केले आहेत. दर आठवड्याला बारा जण मधे गोल करून बसतात आणि बोलतात, मराठीत, हवं तर बोलीत. बाकीचे साठ जण ऐकून एकेक पान लिहितात. एका सत्रात प्रत्येकाची पाळी दोनदा येते. नोंदींची तिची वही मी व्हिडिओ कॉलवर पाहिली. एका मुलीच्या नावापुढे पहिल्या पाळीला लिहिलं होतं, ‘गप्प’. दुसऱ्या पाळीला, ‘गणेशच्या मुद्द्यावर अडवलं, पान ३४ दाखवलं.’