१८० डिग्री आणि खणाची कुंची

निवृत्त माणसाच्या घरच्यांना एकच धास्ती असते, की हा आता काहीतरी करायला घेणार. आमच्या घरी ती खरी ठरली नातीच्या पहिल्या वाढदिवसाच्या निमित्तानं. मुलगी-जावई पुण्याहून येणार आणि बेळगावात, टिळकवाडीतल्या घरीच चार माणसांत वाढदिवस करायचा, असं ठरलं. मी जाहीर केलं, की केक मी करणार आणि नातीला खणाची कुंचीही मीच शिवणार. बायको मेथी निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "कुठल्या वर्षीच्या वाढदिवसाला?"

बँकेत माझा उभा जन्म गेला. पैशापैशाचा ताळा जमल्याशिवाय मी कधी घरी आलो नाही. ज्याला लेजर जमतं त्याला मैदा का जमू नये, असा माझा साधा हिशेब होता.

पहिलं अडलं ते मापावर. कृतीत लिहिलं होतं, दीड कप मैदा. आमच्या घरातले कप वेगवेगळ्या लग्नांच्या आहेरांतून आलेत आणि कुणाचं कुणाशी पटत नाही. शोधल्यावर कळलं, की केकवाल्यांचा कप साधारण २४० मिलीचा. मैदा चमच्यानं हलक्या हातानं भरला तर त्यात १२०-१२५ ग्रॅम बसतो, दाबून भरला तर तोच कप १५० ग्रॅमपर्यंत जातो. म्हणजे दोन सुना एकाच कपानं मोजून दोन वेगळे केक करणार. आईनं माळ्यावरून चिपटं काढायला सांगितलं. "ह्यानं मोज की. आमचं कधी चुकलं नाही." चिपट्याचे ग्रॅम तिलाही ठाऊक नव्हते. त्यामुळं मी इलेक्ट्रॉनिक वजनकाटाच आणला आणि मैदा ग्रॅमात मोजायला लागलो. एक ग्रॅम जास्त झाला की परत डब्यात, कमी झाला की परत चिमूट. ताटकळत उभी राहिलेली बायको म्हणाली, "अहो, एवढ्या वेळात पुरणपोळ्या झाल्या असत्या." काटा आठशे रुपयांचा होता, हे तेव्हा तिला माहीत नव्हतं.

आईमुळं अंडं बाद. मग दही आणि सोडा. यातलं शास्त्र साधं आहे. दह्यातलं आम्ल आणि सोडा यांची गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटायला लागतो आणि त्या बुडबुड्यांवर केक फुगतो. मात्र हा वायू कुणासाठी थांबत नाही. मिश्रण कालवलं की ते लगोलग तापलेल्या ओव्हनमध्ये जायला पाहिजे. बेकिंग पावडर त्या मानानं समजूतदार. ओली झाल्यावर थोडा वायू सोडते आणि बराचसा उष्णता लागेपर्यंत राखून ठेवते. आमच्याकडं सोडा होता. मिश्रण घोटून झाल्यावर ओव्हन आधी तापत ठेवायचा असतो हे वाचनात आलं. तो १८० डिग्रीवर जाईपर्यंत मिश्रण ओट्यावर बसून राहिलं. त्या वेळात मी बायकोकडून त्याचे फोटो काढून घेतले. फोटोत बुडबुडे स्पष्ट दिसतात. पुढं ते कुठंच दिसले नाहीत.

तरीही भांडं आत गेल्यावर पाव तासानं केकनं जरा डोकं वर काढलं होतं. आणि नेमकी लाईट गेली. जुलै महिना, बेळगावचा पाऊस आणि वीज यांचं या दिवसांत एकमेकांशी बोलणं नसतं. मी ओव्हनचं दार उघडून आत बॅटरी मारली. माझ्या डोळ्यांदेखत केक खाली बसला. अर्धवट भाजलेल्या केकला अजून अंग धरलेलं नसतं, गार वारा लागला की आतली हवा आकसते आणि सगळा डोलारा कोसळतो, हे बायकोनं नंतर मोबाईलवरून मोठ्यानं वाचून दाखवलं.

पण ती मदतीला धावली, हे मान्य केलं पाहिजे. कुकरची शिट्टी आणि रबर काढून तळाशी मीठ पसरलं, वर जाळी ठेवली आणि ओव्हनमधला केक भांड्यासकट कुकरमध्ये हलवला. मंद आचेवर तास गेला. बाहेर आलं ते वरून खचलेलं, खालून करपलेलं आणि मध्ये शिऱ्यासारखं होतं.

खरी परीक्षा इथून पुढं. केक बिघडला तर तो टाकून देता येतो, पण तो चाखून काहीतरी बोलावं लागणारी माणसं घरातच असतात. बायको म्हणाली, "वास छान आलाय." चवीबद्दल बोलायचं नसलं की आमच्याकडं वासाचं कौतुक होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मऊ आहे हं," आणि सत्यप्रिय असल्यामुळं पुढं म्हणाल्या, "मधे." त्यांनी उरलेला तुकडा नातवासाठी म्हणून पदराआड घरी नेला. त्यांचा नातू बेंगळुरूला असतो.

आईला असला आडपडदा ठाऊक नाही. ती चौऱ्याऐंशीची, जन्म खानापूरकडचा, बोलणं सरळ. बेळगावचा कुंदा कसा जन्मला त्याची गोष्ट आमच्याकडं सगळ्यांनाच पाठ. दूध चुलीवर राहून गेलं, आटून आटून तपकिरी झालं आणि त्याचाच कुंदा झाला, असं सांगतात. आईनं केकचा तुकडा तोंडात बराच वेळ घोळवला आणि म्हणाली, "कुंदा पण म्हणे असाच बिघडून झाला. पण तो पहिल्या दिवसापासनं चांगला लागत असणार की रे."

मी कारणं शोधायला लागलो. उंचीवर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळं केक भराभर फुगतो आणि तितक्याच भराभर बसतो, असं वाचलं तेव्हा फार बरं वाटलं. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे. पुढच्याच ओळीत लिहिलं होतं, की हा त्रास साधारण तीन हजार फुटांच्या वर सुरू होतो. पाचशे फूट कमी पडले. कॅम्पातल्या एका जुन्या बेकरीत मुद्दाम खारी घ्यायला गेलो आणि गप्पांच्या ओघात मालकाला युक्ती विचारली. त्यानं शांतपणे खारी बांधली. "बिडरी सर," म्हणाला, "घरात कशाला करताय? आम्ही आहोत की."

दरम्यान कुंचीची आघाडी उघडली होती.

आईचं काळं पायमशीन कोपऱ्यात होतं. त्यावर तिनं आम्हा भावंडांचे गणवेश, उशांचे अभ्रे, उरल्या चिंध्यांची पायपुसणी असं सगळं शिवलंय. पट्टा सैल पडला होता तो कापून आवळला, तेल सोडलं आणि बसलो. पायमशीनचा पहिला नियम असा, की चाक आपल्याकडं फिरलं पाहिजे. पायाचा ठेका जरा चुकला की ते पलीकडं फिरतं आणि खाली दोऱ्याचा गुंता होतो. माझा पाय नियमितपणे चुकायचा. आतून घरटं निघावं तसा दोऱ्याचा गोळा निघायचा. आई पलंगावरून, न बघता, नुसत्या आवाजावरून सांगायची, "उलटं फिरवलास."

शहापुरातल्या एका ओळखीच्या टेलरनं सल्ला दिला, की आधी दोरा न ओवता कागदावर शिवा. एकरेघी वही घ्यायची आणि रेघेवरून सुई चालवायची. मी पानंच्या पानं शिवली. सरळ रेघ मारणं माणसाला पट्टी घेऊन जमतं, पण पायानं मशीन आणि हातानं कागद सांभाळताना रेघ घरातल्या मांजरासारखी मनाला येईल तिकडं जाते. माझ्या भोकांच्या ओळी बघून बायको म्हणाली, "ही वही फाडायला सोपी पडेल."

मग दोरा ओवायचा प्रसंग. हातसुईचं नेढं वरच्या टोकाला असतं, मशीनच्या सुईचं खाली, टोकाजवळ. हीच तर मशीनमधली खरी युक्ती. १८४६ साली अमेरिकेत एलियस हाउ नावाच्या गृहस्थानं अशा सुईच्या मशीनचं पेटंट घेतलं. सुई कापडात पुरती शिरावी लागत नाही; टोकानं दोरा खाली न्यायचा आणि खालच्या शटलनं त्याला अडकवून घ्यायचं. शोध थोरच आहे. पण ज्याला जवळचं दिसायला एक चष्मा आणि लांबचं दिसायला दुसरा लागतो, अशा माणसाचा हाउसाहेबांनी विचार केला नव्हता. मी वाकून, मान वाकडी करून, श्वास धरून ओवायला बसायचो आणि आई लांबून म्हणायची, "दोरा आधी तोंडात घालून ओला कर की. बँकेत नोटा मोजताना बरं थुंकी लावत होतास."

खण आणायला खडे बाजारात गेलो. आमच्याकडचे कापड दुकानदार बोलणं मराठीत सुरू करतात, भाव कन्नडात सांगतात आणि "एक रुपया कम नहीं होगा" हे हिंदीत सांगतात, म्हणजे कुणाचा गैरसमज राहू नये. जांभळा खण घेतला, लाल काठाचा. खणाचा पन्हा कमी असतो, त्यात कुंचीला डोक्याचा भाग आणि मागं पाठीवर सोडायचा पट्टा, दोन्ही बसवायचं. कुंची पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: टोपी आणि पाठीवरची झूल एकत्र, हनुवटीखाली बांधायला बंद. सोप्पी दिसते. टेलर म्हणाला, "सर, सुती खण आहे, आधी भिजवून वाळवा. शिवल्यावर आटलं तर बाळाच्या नाही, बाहुलीच्या डोक्यावर बसंल."

ते मी ऐकलं. भिजवला, दोरीवर घातला. बेळगावच्या जुलैमध्ये काही वाळत नाही, म्हणून इस्त्री फिरवली. खडूनं आखलं आणि कात्री थेट आखलेल्या रेघेवरून चालवली. शिलाईसाठी माया सोडायची राहिली. रेघ चुकीच्या जागी पडली की ती दुरुस्त व्हायला किती काळ जातो, हे सीमाभागातला माणूस १९५६ पासून बघतोय. खणासाठी कुठला आयोग बसत नाही, त्यामुळं मी दुसरा खण आणला. त्याला माया भरपूर सोडली. डोक्याच्या दोन बाजूंचे दोन तुकडे कापले आणि जोडायला घेतले तेव्हा कळलं, की दोन्ही डावे आहेत. नुसतं उलटवून भागत नाही, कारण मग एका बाजूला खणाची उलटी बाजू वर येते. दुकानदारानं तिसऱ्या खणाला एक रुपया कमी केला. आपण होऊन.

टेलर दोनदा म्हणाला, "द्या सर, दहा मिनिटांत करून देतो." पण आजोबांनी शिवलेली कुंची असं सांगायचं होतं ना.

वाढदिवस एकदाचा आला. सकाळी लाईट होती. ओव्हन आधी तापवला, बेकिंग पावडर वापरली, दार उघडलं नाही आणि मध्यभागी विणकामाची सुई खुपसून ती कोरडी निघाल्यावरच केक बाहेर काढला. एका कडेला तो जरा उंच होता, तिथं क्रीम कमी आणि दुसऱ्या कडेला जास्त लावून आयुष्यातला शेवटचा ताळा मी जमवला. जावई पुण्याचे, स्वभावानं सभ्य. एक घास घेऊन म्हणाले, "बाबा, एकदम घरगुती लागतोय." या वाक्याचा मी अजून विचार करतोय.

नातीनं केकमध्ये मनगटापर्यंत हात घातला, म्हणजे तिला तो आवडला असं धरून चालू. कुंची घातल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली. आम्ही सगळे "आहाहा" म्हणालो. तेवढ्यात मुलीनं फोटो काढला आणि पुढच्या क्षणी कुंची टीपॉयखाली होती. परत घातली, परत गेली. कसबी शिंप्यानं शिवलेली कुंचीही तिनं अशीच भिरकावली असती, असं माझं ठाम मत आहे आणि घरात कुणी त्याला विरोध केलेला नाही. फोटोत शिलाई दिसत नाही. मुलीनं तो मोठा करून पुण्याच्या घरात लावलाय.

पाहुणे गेल्यावर आईनं मला खोलीत बोलावलं. ट्रंक उघडून तिनं जुनी लुगडी काढायला सुरुवात केली; मऊ झालेली, विटलेली, नऊवारी. "वाकळ शिव," म्हणाली. "त्यात वाकडंतिकडं चालतंय." वाकळ हातानं शिवायची असते, थरावर थर घालून, कडेनं सुरू करून आत आत जात, धावदोऱ्यानं. मशीनचं काम नाही आणि घाईचंही नाही. माझ्यासाठी एवढं सोयीचं काम तिनं किती दिवस हेरून ठेवलं होतं, कोण जाणे. शिवाय सुईत दोरा तीच ओवून देते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला माझ्यापेक्षा बरं दिसतं आणि ती ते वरचेवर सांगते.

सध्या हॉलमध्ये अर्धी वाकळ पसरलेली आहे. कुणी आलं तर कडेकडेनं चालत सोफ्यापर्यंत पोचतं. टाचण्या टोचू नयेत म्हणून बायको घरातही चप्पल घालून वावरते. तिनं एकच अट घातलीय: ही वाकळ पुरी होईपर्यंत घरात पावाचं, ब्रेडचं नाव काढायचं नाही. मी कबूल केलंय. यीस्टचं पाकीट मात्र आणून ठेवलंय, फ्रिजमध्ये, आल्याच्या डब्याच्या मागं, आणि त्यावरची मुदत डिसेंबरपर्यंतची आहे.