डोमेनची दलाली: एका जुन्या वाचकाला उत्तर

नमस्कार. डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याच्या नावांच्या, खरेदी-विक्रीत मध्यस्थीचा नवा धंदा सुरू करतोय, असं मी गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. त्याखालची तुमची प्रतिक्रिया तीन वेळा वाचली. बाकीच्यांसाठी ती थोडक्यात सांगतो. पंचवीस वर्षं खोक्यांचा कारखाना चालवलेला माणूस शेवटी दलाल झाला. आठशे-हजाराचं नाव अडवून लाखाला विकणाऱ्यांच्या पंगतीला जाऊन बसला. यातून साधा खिळासुद्धा तयार होत नाही. आणि माझ्या लेखातला तीन कोटी डॉलरचा आकडा वाचून गावोगावची पोरं बापाचे पैसे यात घालतील. शेवटची ओळ अशी होती: "उद्या माझ्या दुकानाचं नावही तुम्हीच धरून बसाल."

आधी आकड्याचं, कारण तिथे चूक माझी आहे. २०१९ साली व्हॉइस डॉट कॉम हे डोमेन मायक्रोस्ट्रॅटेजी या कंपनीनं ब्लॉक डॉट वन या दुसऱ्या कंपनीला तीन कोटी डॉलरला विकलं, हे खरं आहे. पण ते तसं एकटं लिहायला नको होतं. अशा विक्री जगभरात बोटांवर मोजण्याइतक्या होतात. विकायला ठेवलेली बहुतेक नावं कधीच विकली जात नाहीत आणि दरवर्षी नूतनीकरणाचे पैसे मात्र भरावे लागतात. दोनशे डोमेनं घेऊन बसलेल्या पोराचे वर्षाला दोनेक लाख असे गळतात. हे वाक्य मी आता मूळ लेखात घातलंय. नावं साठवणं आणि मध्यस्थी करणं हे दोन वेगळे धंदे आहेत, मी फक्त दुसरा करतोय, हेही लिहिलंय. माझ्याकडे विकायला स्वतःचं एकही डोमेन नाही.

आता 'दलाल'. हा शब्द मी लहानपणापासून ओळखतो. वडील बैल घ्यायला बाजारात जायचे तेव्हा मी बरोबर असायचो. दलाल हातावर रुमाल टाकायचा आणि त्याखाली बोटं धरून भाव बोलायचा. आधी वडिलांशी, मग दोन पावलं पलीकडे जाऊन बैलवाल्याशी. वडिलांनी दिलेल्यातले बैलवाल्याला किती मिळाले, ते आम्हाला कधीच कळलं नाही. त्या रुमालाचा राग माझ्या मनात अजून आहे. म्हणून माझ्या करारात दोन गोष्टी लिहिलेल्या असतात. ज्यानं मला नेमलं त्याच्याकडूनच दहा टक्के घेईन, दुसऱ्या बाजूकडून एक रुपयाही घेणार नाही. आणि खरेदीची रक्कम दोघांनाही एकाच कागदावर दिसेल. या धंद्यात दहा ते वीस टक्के घेतात. दोन्हीकडून घेणारेही आहेत.

मी यात का आलो, ते मात्र मागच्या लेखात नीट लिहिलंच नव्हतं.

आमच्या कारखान्याचं डोमेन वेबसाइट करून देणाऱ्या एका मुलानं २००८ साली नोंदवलं, स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर. आम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं. वर्षाचं बिल यायचं, आम्ही चेक द्यायचो. पुढे त्यानं धंदा बंद केला. डोमेनची मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच्या बंद पडलेल्या ईमेलवर जात राहिल्या. २०१४ च्या उन्हाळ्यात तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याचा फोन आला, "अहो, तुमच्या साइटवर या कसल्या जाहिराती दिसतायत?"

मुदत संपली म्हणून डॉट कॉम लगेच हातचं जात नाही. महिना-दीड महिना बहुतेक ठिकाणी नेहमीचे पैसे भरून नूतनीकरण होतं. त्यानंतर तीस दिवस जबर दंड भरून परत मिळतं. मग पाच दिवस ते कुणालाच मिळत नाही, आणि त्यानंतर जो पहिला झडप घालेल त्याचं होतं. झडप घालायला यंत्रं बसवलेली असतात. व्यापाऱ्याचा फोन आला तेव्हा आमचं नाव अजून पैसे भरून सुटण्यासारखं होतं. तेव्हाच त्या मुलाला शोधून त्याच्या खात्यातून पैसे भरले असते, तर काम झालं असतं. हे सांगणारा एकही माणूस मला माहीत नव्हता. मी वकिलाकडे गेलो, पोलीस ठाण्यात अर्ज दिला, आणि ते दिवस निघून गेले.

डोमेन परदेशात कुणीतरी उचललं. मी ईमेल केला, उत्तर आलं: १,२०० डॉलर. मी कारखान्याच्या ईमेलवरून, खाली हुद्दा, पत्ता आणि तीन फोन नंबर असलेलं सविस्तर उत्तर पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी किंमत ६,५०० झाली होती. माझ्या सहीनंच ती वाढवली, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

आम्ही ते घेतलं नाही. डॉट इन घेतलं, छपाईचे ठसे, म्हणजे स्टीरिओ, नवे केले. पण गोदामात पंधरा किलोची चाळीस हजार खोकी तयार पडली होती आणि प्रत्येकाच्या खालच्या फ्लॅपवर जुना पत्ता छापलेला होता. दोन बायका अकरा दिवस त्यावर शिक्के मारत बसल्या होत्या. तो आवाज अजून कानात आहे.

तुम्ही म्हणता मी त्या डोमेन उचलणाऱ्याच्या पंगतीला बसलो. मला तेव्हा जो माणूस हवा होता आणि मिळाला नाही, तो मला व्हायचंय. कोणत्या दिवशी कोणतं दार उघडं असतं ते सांगणारा, आणि गरजूची सही समोरच्याला न दाखवता भाव विचारणारा. २०१८ पासून युरोपच्या खासगीपणाच्या कायद्यामुळे डोमेनच्या नोंदीत मालकाचं नाव बहुतेक झाकलेलंच असतं, त्यामुळे माणूस शोधणं हेच अर्धं काम होऊन बसलंय. इथेही एक पथ्य आहे. "माझ्या पक्षकाराला नाव सांगायचं नाही" एवढंच मी म्हणतो. कॉलेजचा विद्यार्थी असल्याचं सोंग घेऊन भाव पाडणारे मध्यस्थ आहेत, मी ते करणार नाही.

अडवणुकीचं बोलू. तुम्ही जिओहॉटस्टारचं उदाहरण दिलंत. दोन कंपन्या एकत्र येणार अशी कुणकुण लागल्यावर दिल्लीच्या एका तरुणानं २०२३ मध्ये ते डोमेन घेतलं आणि २०२४ च्या ऑक्टोबरात केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितला. असलं काम माझ्याकडे आलं तर मी घेणार नाही. दुसऱ्याच्या चालत्या नावावर डोळा ठेवून घेतलेलं डोमेन विकायला लावणं मला चोरीचा माल खपवण्यासारखं वाटतं. कायदाही यावर गप्प नाही. रेडिफच्या नावाशी मिळतंजुळतं 'रॅडिफ' घेणाऱ्याला मुंबई उच्च न्यायालयानं १९९९ मध्येच रोखलं. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये डोमेनला व्यापारचिन्हासारखं संरक्षण दिलं. डॉट कॉमसाठी १९९९ पासून जागतिक तंटानिवारण पद्धत आहे, डॉट इनसाठी आपली वेगळी आहे. जागतिक पद्धतीत डोमेन वाईट हेतूनं घेतलं आणि वाईट हेतूनं वापरलं, या दोन्ही गोष्टी दाखवून द्याव्या लागतात.

पण नाव आधी घेणारा प्रत्येक जण लुटारू नसतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात उझी निसान नावाचा माणूस संगणकाचं दुकान चालवायचा. निसान हे त्याचं आडनाव. १९९४ मध्ये त्यानं निसान डॉट कॉम घेतलं. मोटार कंपनीनं १९९९ मध्ये एक कोटी डॉलरचा दावा लावला. वर्षानुवर्षं खटला चालला, त्या डोमेनच्या व्यापारी वापरावर न्यायालयानं बंधनं घातली, तरी डोमेन त्याच्याकडेच राहिलं. २०२० मध्ये तो करोनानं गेला. त्याला कुणी 'अडवून बसलेला' म्हटलं तर मी वाद घालेन.

आणि आठशे रुपये ही डोमेनची किंमत नव्हे, तो वर्षाचा घरफाळा आहे. लक्ष्मी रोडवरच्या दुकानाचा फाळा किती आणि दुकान केवढ्याला, हे काही तुम्हाला सांगायला नको. इंग्रजी तीन अक्षरांची डॉट कॉम नावं एकूण १७,५७६ च होऊ शकतात आणि सगळी कधीच गेलीत. फरक एवढाच की डोमेन पूर्ण मालकीचं कधीच होत नाही. एमआयडीसीच्या प्लॉटसारखा तो भाडेपट्टा असतो, आणि एका वेळी फार तर दहा वर्षांचा.

'खिळाही तयार होत नाही' यावर एक सौदा सांगतो. कोल्हापूरकडच्या एका गूळवाल्या तरुणाला एक साधा मराठी शब्द डॉट कॉममध्ये हवा होता. जुनी नोंद हुडकल्यावर मालक सापडले, न्यू जर्सीत राहणारे निवृत्त गृहस्थ. २००१ मध्ये गावाबद्दल साइट करायची म्हणून त्यांनी ते घेतलं होतं, ती साइट राहूनच गेली. चार ईमेलना उत्तर आलं नाही, फसवणूक वाटली असणार. शेवटी मराठीत पत्र लिहून पोस्टानं पाठवलं. तीन आठवड्यांनी फोन आला, "पत्र वाचून बरं वाटलं हो. काय द्याल?" मी म्हटलं, "काका, मी घेणाऱ्याचा माणूस आहे. किंमत मला विचारू नका, दुसऱ्या जाणकाराला विचारून सांगा." त्यांनी विचारलं आणि ३,२०० डॉलर सांगितले. तरुणाची ५,००० पर्यंत तयारी होती.

पैसे आधी एस्क्रोत, म्हणजे सौदा पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या तिसऱ्याकडे, जमा झाले. मग काकांनी डोमेनचं कुलूप, म्हणजे ते दुसऱ्याच्या खात्यात जाऊ न देणारी सोय, काढलं आणि हस्तांतराचा कोड फोनवर वाचून दाखवला. तीनदा चुकला. चौथ्यांदा कळलं की ते शून्य समजत होते ते मोठं ओ होतं. पुढे पाच दिवस थांबावं लागलं, डोमेन तरुणाच्या खात्यात दिसलं, मगच एस्क्रोनं काकांना पैसे सोडले. एकमेकांना कधीच न भेटलेल्या दोन माणसांत हा सौदा जुळवल्याचे तरुणाकडून मला ३२० डॉलर मिळाले, आणि ते कष्टाचे आहेत असं मी मानतो. गूळ तो तरुणच करतो, मी नाही, हे कबूल.

कारखाना बंद केलेला नाही. तो पुतण्या बघतो, माणसं तीच आहेत.

राहिलं तुमचं दुकान. प्रतिक्रियेसोबत तुम्ही वेबसाइटचा पत्ता दिला होता, म्हणून मी त्या डोमेनची सार्वजनिक नोंद उघडून पाहिली. मुदत पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला संपतेय आणि हस्तांतराचं कुलूप लावलेलं नाही. मालकाचं नाव झाकलेलं असल्यामुळे ते तुमच्या खात्यात आहे की साइट करून देणाऱ्याच्या, हे मला दिसत नाही. आजच लॉग इन करून बघा. ईमेल तुमचा आहे का ते तपासा, कुलूप लावा, पाच वर्षांचे पैसे एकदम भरून टाका. खातं तुमचं नसेल तर त्या माणसाला याच आठवड्यात गाठा, १४ तारखेनंतर नको. अडलात तर फोन करा, याचे पैसे मी घेत नाही.