प्रोजेक्टरचा बल्ब लिनक्समुळे उडत नाही

"लिनक्सचा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडू नका, बल्ब उडतो" असा पाच मुद्द्यांचा मेसेज शिक्षकांच्या ग्रुपांवर फिरतो आहे. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी लॅपटॉप चालवणारी मोफत प्रणाली. माझी भाची शिरपूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत तिचं सादरीकरण आहे आणि लॅपटॉपवर उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. मेसेज वाचून ती घाबरली, लॅपटॉप घेऊन थेट दुकानात गेली आणि तिथून मला फोन केला, "मामा, हा म्हणतो सगळं उडवून विंडोज टाकावं लागीन. आते काय करू?" तिला म्हटलं, लॅपटॉप उचल आणि घरी जा. पण तिच्यासारखे आणखी किती जण दुकानात उभे असतील, म्हणून हे लिहितोय.

आधी बल्ब. मेसेजनुसार लिनक्स "चुकीची फ्रिक्वेन्सी" पाठवतं आणि बल्ब जातो. हे साफ खोटं आहे. केबल लावली की प्रोजेक्टर स्वतःच लॅपटॉपला सांगतो, मला एवढं रिझोल्यूशन चालतं, एवढा रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने उमटतं) चालतो. या माहितीला ईडीआयडी म्हणतात. १९९४ पासूनची ही पद्धत आहे आणि लिनक्सही ती वाचतं. तरी न झेपणारा सिग्नल गेलाच, तर प्रोजेक्टर तसा संदेश दाखवतो किंवा पडदा कोरा राहतो. बल्ब पेटवणारं सर्किट वेगळं असतं, चित्र कुठल्या लॅपटॉपवरून आलं याच्याशी त्याचं देणंघेणं नाही.

या अफवेला एक जुनं मूळ आहे, तेवढं मान्य करतो. नव्वदच्या दशकात लिनक्सवर मॉनिटरचे आकडे हाताने भरावे लागायचे, आणि चुकले तर काचेच्या नळीचा जुना मॉनिटर बिघडू शकतो असा इशारा तेव्हाच्या माहितीतच असायचा. तो धोका त्या मॉनिटरांचा होता.

बल्ब खरा मरतो उष्णतेने आणि धुळीने. बरेच प्रोजेक्टर ३५ ते ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, त्यात वर पत्रे. फिल्टर शेवटचा कधी साफ केला ते कुणाला आठवत नाही, आणि कार्यक्रम संपताच पंखा थांबायच्या आत पिन उपटली जाते. ग्रुपवर पाठवायचंच असेल तर हे पाठवा.

दुसरा मुद्दा, "जोडला तरी काही दिसत नाही." विंडोजचं चिन्ह असलेली की दाबून पी दाबा, मिरर (दोन्हीकडे एकच चित्र) निवडा. उबुंटूवर एवढं पुरतं. केरळात सरकारी आणि अनुदानित शाळांच्या आठवी ते बारावीच्या ४५,००० वर्गांत लॅपटॉप आणि प्रोजेक्टर बसवले, ते लिनक्सवर चालतात. तिथे रोज तास होतात आणि इथे आपण एका मेसेजला घाबरतो! अडचण येते ती एनव्हिडियाचं वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या काही लॅपटॉपांवर. एचडीएमआयचं भोक त्या कार्डाला जोडलेलं असतं आणि ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) टाकल्याशिवाय चित्र येत नाही. स्वस्तातला व्हीजीए अडॅप्टरही दगा देतो, आणि बिनवायरीने जोडणं लिनक्सवर अजून कच्चं आहे. म्हणून केबल बरोबर ठेवा.

"मराठी तुटते" यात अर्धं खरं आहे. पीपीटी लिनक्सवरच्या लिब्रेऑफिसमध्ये उघडते, पण विंडोजचा मंगल फॉण्ट नसल्याने दुसरा लागतो आणि ओळी सरकतात. पीडीएफ करून न्या, प्रश्न मिटला. कृतिदेवसारख्या जुन्या फॉण्टात टाइप केलं असेल तर तो फॉण्ट नसलेल्या विंडोजवरही गिचमिडच दिसेल. "आवाज येत नाही" म्हणाल तर साउंड सेटिंगमध्ये एचडीएमआय निवडा. व्हीजीए केबलमधून आवाज जातच नाही, मग लॅपटॉप कुठलाही असो.

शेवटच्या मुद्द्याचा मला खरा राग आहे, "दुकानात विंडोज फुकट टाकून मिळतं." ते क्रॅक असतं, म्हणजे परवान्याशिवाय चोरून चालवलेलं. ते चालू करायला बहुतेक वेळा आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतात, आणि मग त्या फाइलीबरोबर आत काय शिरलं ते दुकानदारालाही ठाऊक नसतं. त्याआधी डिस्क पुसली जाते. भाचीच्या लॅपटॉपवर मुलांच्या वाचनाच्या नोंदी आहेत, वर्षभराचे फोटो आहेत, आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. आज रात्री पेनड्राइव्हवर ती प्रत काढायला मी तिला बसवलं आहे.