प्रतिक्रियेला उत्तर: चौथी चिठ्ठी

नमस्कार मॅडम,

‘४० मुलांच्या वर्गात गटखेळ म्हणजे नुसता गलका. कोडं हुशार मूल सोडवतं, दिव्यांग मुलाच्या हातात घड्याळ देऊन सहभाग दाखवला जातो,’ असं तुम्ही लिहिलंत. घड्याळाचं शंभर टक्के पटलं. ज्या कामावाचून खेळाचं काही अडत नाही, ते देणं म्हणजे मुलाला बाजूला बसवणंच. पण मग कोडंच असं हवं की त्या मुलावाचून ते अडेल.

चौथीच्या वर्गासाठीचं हे कोडं बघा. चौघांचा गट, ५० चिंचोके, प्रत्येकाकडे एकच चिठ्ठी, आणि चारही चिठ्ठ्या जुळवून एक संख्या ओळखायची. चिठ्ठ्या अशा: संख्या १० ते ५० मधली आहे. तीन-तीनचे गट पाडले तर काही उरत नाही. पाच-पाचचे पाडले तर दोन उरतात. जोड्या लावल्या तर एक उरतो. उत्तर २७.

जोड्यांची चिठ्ठी काढून टाका. १२, २७, ४२ तिन्ही बसतात. म्हणून ही चिठ्ठी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाकडे द्यायची. भागाकार येत नसला तरी जोड्या लावता येतात. १२ मांडले, काही उरलं नाही, बाद. २७ मांडले, एक उरला. ४२ पुन्हा बाद. निकाल त्याच्या हातात, आणि हुशार मुलाला थांबावंच लागतं. (युक्ती जुनीच आहे: १९७१ मध्ये मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरनसन यांनी अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या शाळांत धडाच असा तुकड्यांत वाटला होता.)

फसतं ते कोडं रचताना. ‘२० ते ४०’ लिहिलंत की तीन आणि पाचच्या चिठ्ठ्यांवरच २७ मिळतं, चौथी नुसती शोभेची. एकेक चिठ्ठी झाकून आधी स्वतः सोडवून बघा.

गलका होतो, खरंय. निम्मा तर चिंचोके मांडायला दिलेल्या स्टीलच्या ताटांचा असतो! त्याऐवजी खोक्याची झाकणं घ्या. काठामुळे अंध मुलाच्या हातून चिंचोके निसटत नाहीत. त्याची चिठ्ठी ब्रेलमध्ये. पाच गट खेळतील, पाच वहीत सोडवतील, १५ मिनिटांनी अदलाबदल. आवाजाचा त्रास होणारं स्वमग्न मूल असेल तर त्याचा अख्खा गट व्हरांड्यात बसवा, त्याला एकट्याला नाही.

‘चिठ्ठी मोठ्याने वाचायची, दाखवायची नाही’ हा नियम हिसकाहिसकी टाळतो; कर्णबधिर मूल असलेल्या गटात मात्र तो सोडून द्या.

आणि पहिलीच्या वर्गात चिंचोके नकोत. नाकात घालतात.