बारकावे कुणासाठी?

डिझाइनमधल्या बारकाव्यांवर टीका करणारा एक लेख वाचला. लेखकाचं म्हणणं असं, की जगात भूक आणि युद्धं असताना बटणाच्या रंगावर नि अक्षराच्या वळणावर डोकं खपवणं म्हणजे पोट भरलेल्यांचे चोचले. अर्धं पटलं. एखाद्या अ‍ॅपच्या चिन्हाचा कोपरा जरा गोल केला म्हणून आठवडाभर भांडणारे मीही पाहिलेत, हसू येतं.

पण २००० सालची अमेरिकेतली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक घ्या. फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीत मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं दोन्ही बाजूंना आणि मत देण्यासाठी पाडायची छिद्रं मधोमध. डावीकडच्या यादीत डेमोक्रॅटिक पक्षाचे अल गोर दुसरे, पण त्यांचं छिद्र तिसरं. दुसरं होतं उजवीकडच्या यादीतल्या ब्यूकॅनन या छोट्या पक्षाच्या उमेदवाराचं. गोंधळून कित्येकांनी भलतीकडे भोक पाडलं, कित्येकांनी दोन पाडली आणि मत बाद. राज्यात गोर हरले ते ५३७ मतांनी, आणि त्याबरोबर राष्ट्राध्यक्षपदही गेलं! आता हा बारकावा क्षुल्लक म्हणायचा का?

एवढं लांब तरी कशाला जायचं. आईच्या गोळ्यांच्या पट्टीवर मुदत छापलेली नसते, चंदेरी कागदावर नुसती ठसवलेली असते. खिडकीशी नेतो, तिरकी धरतो, शेवटी मोबाइलवर फोटो मोठा करून वाचतो. तेही त्या टोकाची गोळी आधी काढली नसेल तर, नाहीतर आकडेच फाटलेले. तिची नजर अधू, तिने एकटीने काय करावं? खोक्यावर औषधाचं नाव मात्र काय ठसठशीत, उठावदार! म्हणजे बारकाव्यांकडे बघणारं कुणीतरी तिथे होतंच की.