आमरीच्या लेखावर आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

सिंधुदुर्गातल्या तोड झालेल्या रानांतल्या आमरींवर, म्हणजे ऑर्किडवर, मी लिहिलं होतं. त्यावर एका निनावी वाचकांचं म्हणणं असं: "रान तोडलं तरी वीस वर्षांत पुन्हा हिरवंगार होतं. आमरीचं बी वाऱ्यावर येतं, ती आपोआप परतते. बांडगुळांसाठी गळा काढणं हा शहरी हळवेपणा आहे."

आधी माझी चूक. एका फोटोखाली मी 'सीतेची वेणी' लिहिलं होतं. ती एरिडिस नावाची दुसरी आमरी आहे. वेणीचा तुरा गच्च भरलेला असतो, फोटोतला विरळ आहे. ओळ बदलली आहे.

आता 'शहरी'. हा शब्द मला लागला. माझं बालपण दोडामार्ग तालुक्यात गेलं. आजोबांनी स्वतः खासगी रानाची तोड ठेक्यानं घेतली होती, कोळशाच्या भट्ट्या लावल्या होत्या. आमच्या घराची कौलं त्याच पैशातली. तोड म्हणजे काय, हे नाव लपवून लिहिणाऱ्यानं मला शिकवू नये.

बी वाऱ्यावर येतं, हे खरंच. एक बोंड तडकलं की धुळीसारखं हजारोंनी उडतं. पण भाताच्या दाण्यात कोंभापुरती शिदोरी असते, तशी आमरीच्या बियांत नसते. योग्य बुरशी भेटली तरच ते रुजतं. त्या बुरशीला ओल लागते. ती टिकते खडबडीत सालीवर, शेवाळात, जाड फांदीच्या बेचक्यात कुजलेल्या पाल्यात. सरसकट तोडीनंतर खुंटांना फुटवे येतात, सगळे एका वयाचे, सडसडीत. त्यांना असली बेचकी कुठून येणार? शिमग्यापासून ऊन थेट खोडावर पडतं आणि शेवाळ करपतं.

आजोबांनी तोडलेल्या त्या रानात गेल्या पावसात मी पुन्हा गेले. तोडीला तीसेक वर्षं झाली. ऐन-किंजळ उभे आहेत, लांबून रान भरलेलं दिसतं. दिवसभरात मला जाड, चिवट पानांची अकॅम्पे ही आमरी तेवढी मिळाली. ती ऊन सोसते. शंभर पावलांवरच्या देवराईत एकाच जुन्या आंब्यावर पॉरपॅक्स या आमरीचे बटणासारखे चपटे कंद सालीला चिकटलेले होते, आणि त्याच फांदीखाली ओबेरोनियाची पंख्यासारखी पानं लोंबत होती. वाऱ्यानं बी न्यायचं तर ते अशाच झाडांवरून. उद्या तो आंबाही तोडला, तर वारा काय नेणार?

आणि बांडगूळ नव्हे! बांडगूळ झाडात मुळं रुतवून रस ओढतं. आमरी फांदीवर नुसती बसते, पावसाचं पाणी आपल्या मुळांनी पिते. एवढं न पाहता दुसऱ्याला हळवं म्हणणं फार सोपं आहे.

रबराची लागवड, रोजगार, 'झाडापेक्षा माणूस मोठा' हे तुमचं बाकीचं लिखाण मी सोडून देते. त्यात माझ्या लेखाला उत्तर नाही. पुढच्या वेळी नाव घालून लिहा, आणि मला शहरी ठरवण्याआधी मी कुठली ते विचारा.