शॉर्टली म्हणजे किती वाजता?

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबेल.

आईला पोटाच्या सोनोग्राफीला नेलं होतं. सेंटरचं नाव लिहीत नाही, आमच्या खारघर-बेलापूरला अशी पुष्कळ आहेत. साडेआठची वेळ, उपाशीपोटी या म्हणाले. आईला शुगर आहे. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. काउंटरवरच्या मुलीचं एकच, "आजी, डॉक्टर शॉर्टली येतायत." आईने मला हळूच विचारलं, "अगं, शॉर्टली म्हणजे किती?"

काय सांगणार? तोवर तिचे हात थरथरायला लागले होते, कपाळावर घाम. पर्समध्ये ग्लुकोजची बिस्किटं होती. दिली तर सोनोग्राफी गेली, उद्या पुन्हा उपास. सकाळीच कुणी "अकरा वाजतील" म्हणालं असतं, तर मी तिला घरी नेऊन खाऊ घातलं असतं आणि दुसरा दिवस मागितला असता.

इंग्रजीत 'लवकरच' म्हणायला 'सून' हा शब्द रोजच्या बोलण्यातला, 'शॉर्टली' जरा औपचारिक, विमानतळावरच्या घोषणेतला. 'इमिजिएटली' म्हणजे मात्र आत्ताच्या आत्ता. पण हे शब्द कसे घसरत गेलेत बघा. 'सून'चं जुन्या इंग्रजीतलं रूप 'सोना', त्याचा अर्थ होता ताबडतोब. शेक्सपिअरच्या काळी 'प्रेझेंटली'सुद्धा ताबडतोब. आज तो 'थोड्या वेळाने' किंवा 'सध्या'. १६११ च्या इंग्रजी बायबलात राजाकडे योहान या संताचं शिर तबकात मागणारी मुलगी म्हणते 'बाय अँड बाय', म्हणजे आत्ता, इथे. आज त्याचाच अर्थ 'पुढेमागे कधीतरी'. लोक लगेच म्हणत राहिले आणि उशीर करत राहिले, शब्द बिचारा झिजून गेला. आपल्या 'आत्ता येतो', 'एवढ्यात आलेच', 'पाचच मिनिटं' यांचं काय वेगळं झालंय?

आणि 'लवकरच'! बेलापूर-पेंधर मेट्रोचं काम २०११ ला सुरू झालं, गाडी धावली नोव्हेंबर २०२३ मध्ये. मधली सगळी वर्षं आम्ही खांबांखालून रिक्षाने गेलो आणि 'लवकरच' ऐकलं. उलट रेल्वेचं तत्काळ तिकीट घ्या. आदल्या दिवशी एसी डब्यांचं दहाला, बाकीच्यांचं अकराला उघडतं. तिकीट मिळो न मिळो, किती वाजता बसायचं ते तरी कळतं.

मान्य, इमर्जन्सी आली तर डॉक्टरला मिनिटं मोजून सांगता येत नाहीत. मग तसं सांगा. "नक्की नाही, काकू, पण तासभर धराच." एवढं बोलायला काय जातं?

त्या मुलीवर आता राग नाही. आईला घाम फुटलेला बघून तीच पाणी घेऊन धावली, तिनेच खुर्ची पंख्याखाली सरकवली. कुठल्या तरी लांबच्या स्टेशनवरून पहाटेची लोकल पकडून येत असेल. तिला 'शॉर्टली' म्हणायला शिकवलंय, ती म्हणते. तिचा काय दोष?

पण आत बसलेल्यांचा आहे. मी बिस्किटं दिली, सोनोग्राफी उद्यावर गेली, आणि निघताना कळलं की डॉक्टर सकाळपासून दुसऱ्या सेंटरवर होते. अकराच्या आधी येणार नाहीत हे आत सगळ्यांना ठाऊक होतं! सत्तरी ओलांडलेली बाई समोर थरथरतेय आणि तुम्ही तिला गोड आवाजात शॉर्टली ऐकवताय? चीड येते हो. शब्द मोघम ठेवला की पेशंट उठून दुसरीकडे जात नाही, एवढाच हिशोब आहे त्यात. हे अज्ञान नव्हे, ही लबाडी आहे.

माझ्या यादीत दवाखान्यात, लॅबमध्ये, बँकेत काम करणारे बरेच जण आहात. उद्यापासून वेळ सांगा. चुकली तरी चालेल, अर्ध्या तासाने दुसरी सांगा. आणि उपाशीपोटी बोलावलेल्या माणसाला नाव लिहून घेतानाच विचारा, शुगर आहे का. असेल तर त्याला आधी आत घ्या.